नऊ घरांच्या मेंढरांसाठी नर कुठला घ्यावा आणि ठेवायचा कुणी?

माळरान
नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरी करतो, पण गाव माण तालुक्यात आणि घरची मेंढरं चुलतभावाकडे. आमच्या वाडीत नऊ घरं मेंढरं राखतात. कुणाची १५, कुणाची ५०, सगळी मिळून ३०० माद्या होतील. सगळी दख्खनी, बहुतेक काळी, थोडी बांडी. पाच घरांचा वाडा (मेंढरांसह फिरता तळ) दिवाळी झाली की कोकणात उतरतो, चार घरं गावातच राहतात.

गेली काही वर्षं सगळ्यांची एकच तक्रार आहे: कोकरं बारीक पडतात, वजन धरत नाहीत. भावाने कल्पना काढली की दर घरी ७ हजार काढायचे आणि ६३ हजारांत एक जातिवंत नर आणायचा. आता त्यावरून वाडीत तीन पक्ष झालेत. एक म्हणतो माडग्याळ (जत भागातली उंच मेंढी), दुसरा म्हणतो फलटणची नारी सुवर्णा (जुळी देणारी), तिसरा म्हणतो आपलाच दख्खनी पण तगडा बघून आणा. शिकलेला म्हणून मला विचारतात आणि मला मेंढीतलं कळतं ते ताटात आल्यावर.

कुणी असा सामायिक कार्यक्रम केलाय का? नर कुठला, आणि तो ठेवायचा कुणाच्या दारात?

जतचा पाहुणा
माडग्याळ घ्या. विषय संपला.

हिरवी मिरची
माडग्याळ नराची किंमत ऐकून विषय नाही, माणूस संपतो. २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका नराला ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने दीड कोटी सांगितले, ही बातमी विसरलात का? ६३ हजारांत त्याचं शिंग पण येणार नाही.

जतचा पाहुणा
@हिरवी मिरची, ती हौसेची किंमत हो. बैलगाडा शर्यतीच्या बैलावरून कुणी नांगराच्या बैलाचा भाव ठरवतं का? चांगला माडग्याळ नर त्यांच्या पैशांत येतो. उंच, बाकदार नाक, चार महिन्यांचं कोकरू दख्खनीच्या सहा महिन्यांच्याला भारी. व्यापारी आधी आमच्या कळपात हात घालतो, मग शेजाऱ्याच्या.

शिंगरू
आमच्याकडं दोन साल माडग्याळ नर सोडला होता. कोकरं देखणी झाली, त्यात वाद नाही. पण पहिलारू दख्खनी मेंढ्या दोन अडल्या, एक गेली. आन दुसरं म्हंजे त्यातल्या माद्या वाड्याबरोबर कोकणात नेल्या तर निम्म्या वाटंत लंगडाया लागल्या. गावात राहून चारा टाकणाऱ्याला माडग्याळ बरी. आमच्या बापाचा हिशोब येगळा हाय, तो म्हणतो मेंढरू तेच जे घाट उतरतं आन जेठात परत चढतं.

पशुवैद्य (निवृत्त)
माळरान, नर कुठला आणायचा याआधी एक साधा प्रश्न. आज तुमच्या नऊ घरांत जे नर आहेत ते आले कुठून? विकत आणलेत, की घरच्याच कोकरांतून ठेवलेत? ठेवले असतील तर कुठलं कोकरू ठेवलं आणि का? भावाला विचारून प्रामाणिक उत्तर द्या, मग पुढे बोलू.

बाभूळबन
डॉक्टरसाहेब केसपेपर काढल्याशिवाय गोळी देत नाहीत. :)

माळरान
@पशुवैद्य, आत्ताच भावाशी बोललो. त्याचं उत्तर जसंच्या तसं: "ठेवलाय कुठला, उरलाय." व्यापारी वाड्यावर येतो आणि मोठी मोठी नर कोकरं तीन-चार महिन्यांची झाली की घेऊन जातो. बकरी ईदच्या आधी तर निवडून नेतो. जो बारका म्हणून नाकारला जातो तो कळपात राहतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच नर. सात घरांत असंच आहे. दोन घरांत नर विकत आणलेला, पण तोही शेजारच्या गावातला उरलेलाच असणार.

लिहिता लिहिता मला कळलं तुम्ही का विचारलंत ते.

पशुवैद्य (निवृत्त)
कळलं ना? मग निम्मं काम झालं.

चाळीस वर्षं मी हे पाहत आलो. लोक म्हणतात रक्त खराब झालं, जात बिघडली, औषधाचा दोष, गवत संपलं. गवत कमी झालंय हे खरंच. पण त्याच्या जोडीला दरवर्षी आपण स्वतःच्या हाताने निवड करतोय, फक्त उलटी. पुढं वाढणारं कोकरू खाटकाकडे आणि मागे राहणारं वंशाला. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, पिढी दोन-तीन वर्षांची. म्हणजे वीस वर्षांत सात-आठ वेळा हीच चाळण लागली. यात मेंढपाळाचा दोष नाही, त्याला त्या दिवशी पैसे लागतात आणि व्यापारी लहान कोकराचे पैसे देत नाही.

आता यावर ६३ हजारांचा एक नर आणून काय होईल? एक नर एका हंगामात २५-३० माद्या नीट भरवतो. तुमच्या माद्या ३००. आणि त्या नराची जी चांगली कोकरं होतील ती व्यापारी पहिल्या फेरीत नेईल. तीन वर्षांनी नर म्हातारा आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढणार.

हिरवी मिरची
धागा लोकरीचा असेल तर काढायला हरकत नाही.

बाभूळबन
दख्खनी लोकरीचा धागा आहे, टोचणारच.

सांख्यिकीकाका
आकडे मी मांडतो, तेवढंच येतं.

एका कळपात एक नर आणि ३० माद्या, बाहेरून काही येत नाही, असं धरा. दर पिढीला सगोत्रपणा (नात्यातल्या नात्यात वीण) किती वाढतो याचं जुनं सूत्र आहे: एक भागिले नरांची संख्या गुणिले आठ, अधिक एक भागिले माद्यांची संख्या गुणिले आठ. एक नर म्हणजे १/८, त्यात माद्यांचे १/२४०. बेरीज जवळजवळ १३ टक्के. एका पिढीत! बाप आणि लेक यांचं कोकरू झालं तर ते २५ टक्के. आणि एकच नर तीन वर्षं ठेवला तर तो स्वतःच्या लेकींवर जाणारच, त्याला कोण सांगणार.

आता नऊ घरं एकत्र करा. १० नर, ३०० माद्या: १/८० अधिक १/२४००. सव्वा टक्का आणि थोडं. मेंढरं तीच, चारा तोच, एक रुपया खर्च नाही, फक्त नर घरोघर फिरले. वाढ दहाव्या हिश्शावर आली. कोकरं मरतुकडी होणं, वजन न धरणं, माद्या उलटणं (गाभ न धरणं) यात सगोत्रपणाचा वाटा मोठा असतो.

आणखी एक गंमत. भाव काय सांगितलात, चार महिन्यांच्या कोकराचा?

माळरान
@सांख्यिकीकाका, गेल्या हंगामात ६ ते ७ हजार, भारी असेल तर ७ च्या वर.

सांख्यिकीकाका
म्हणजे तुमच्या ६३ हजारांत एक बाहेरचा नर येतो किंवा तुमचीच नऊ सर्वोत्तम कोकरं व्यापाऱ्याच्या हातून सुटतात. मी तिकडे बोट दाखवून गप्प बसतो.

शेरडीवाली
मी म्हणते शेळ्या पाळा. उस्मानाबादीला जुळी होतातच, लोकर कातरायची कटकट नाही.

शिंगरू
@शेरडीवाली ताई, शेळी बाभळीला लागती, मेंढरू रानाला. शेतकरी रानात खतासाठी मेंढरं बसवून घेतो, वर धान्य नायतर पैसे देतो. शेळ्या बसवल्या तर बांधावरची झाडं पण नेतील.

दूरदेशी
मला या धाग्यावर लिहायला थोडा उशीर झाला. मी पशुपोषणाच्या कामासाठी काही वर्षं इथिओपियात होतो. माळरान यांचा प्रश्न जसाच्या तसा तिथे मी पाहिलाय, फक्त मेंढरं वेगळी.

तिथल्या उंच पठारावर मेंझ नावाची मेंढी आहे. लहान, जाड शेपटीची, कडक थंडीत तगणारी. सरकारने कित्येक वर्षं त्यात बाहेरचं रक्त घातलं. कॉरिडेल झालं, हॅम्पशायर झालं, मग इस्रायलची अवासी. देब्रे बेरहानच्या सरकारी केंद्रात संकर करायचा आणि शेतकऱ्याला नर वाटायचे, अशी पद्धत. केंद्रात वजनं छान यायची. शेतकऱ्याकडे नर गेला की चारा कमी, रोग जास्त, दिसायला परका, आणि शेतकऱ्याने ठरवलेलं काहीच नाही. नर वाटून झाले की मागे कुणी विचारायला नाही. बराचसा पैसा असाच गेला.

मग २००९ च्या सुमारास तिथल्या संशोधन संस्था, इकार्डा ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि व्हिएन्नाचं कृषी विद्यापीठ यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. मेंझ, बोंगा, होरो, अफार अशा स्थानिक मेंढ्यांच्या गावांत जाऊन आधी शेतकऱ्यालाच विचारलं, तुझ्या कळपातली पहिली तीन मेंढरं दाखव आणि का ते सांग. उत्तरं पुस्तकात नसलेली आली. शेपटीचा आकार, शिंगं, रंग. मेंझकडे काळ्या रंगाला बाजारात भाव कमी, हे ऐकून आपल्या धनगराला हसू येईल.

पुढची पद्धत अशी. गावातले सगळे कळप मिळून एकच मोठा कळप मानायचा. गावातलाच एक शिकलेला मुलगा पगारावर ठेवायचा, तो जन्म लिहितो, बिल्ला मारतो, तीन महिन्यांना आणि सहा महिन्यांना वजन करतो. वजनाच्या यादीवरून वरची कोकरं निवडायची आणि मग एका ठरलेल्या दिवशी ती सगळी एका आवारात आणून गावाची समिती अंतिम नर निवडते. कागदावर पहिला आलेला पण पाय वाकडे असलेला नर म्हातारे लोक बाहेर काढतात. निवडलेला नर गटागटांत वाटतात, एक-दोन वर्षांनी दुसऱ्या गटाकडे, आणि शेवटी खाटकाला. पैसे फिरत्या निधीत परत.

यातला कळीचा भाग वजनकाटा नव्हता. निधी होता. चांगलं कोकरू चार महिन्यांना विकायला निघालेल्या माणसाला त्याच दिवशी पैसे देता आले पाहिजेत, नाहीतर बाकी सगळं कागदावर. पुढे बोंगाच्या गावांना तर निवडलेले नर दुसऱ्या भागांना विकून उत्पन्न सुरू झालं.

सगळीकडे जमलं असं मात्र नाही. जिथे लोक लांब फिरस्तीवर जातात तिथे वजनाची नोंद ठेवणं फार अवघड गेलं. तुमचा कोकणात जाणारा वाडा म्हणून मुद्दाम सांगतोय.

बाभूळबन
असे प्रतिसाद वाचायला मिळतात म्हणून इथे येतो. धन्यवाद दूरदेशी.

जतचा पाहुणा
इथिओपियाचं ठीक. पण बाहेरचं रक्त आणूच नका असं कुठे आहे? आमच्या भागात घरोघरी दख्खनीवर माडग्याळ नर सोडतात ते काय वेडे म्हणून? लोकरीला कुत्रं विचारत नाही. कातरायला माणूस लावला तर लोकर विकून त्याची मजुरी निघत नाही. मग अंगावर लोकर कमी आणि मटण जास्त अशी मेंढी का नको?

पशुवैद्य (निवृत्त)
@जतचा पाहुणा, तुमचं म्हणणं मला पटतं, निम्मं. एके काळी मेरिनो आणि रॅम्बुलेचं रक्त दख्खनीत घातलं गेलं ते लोकरीसाठी. धनगराचं पोट मटणावर, आणि सुधारणा लोकरीची! ते टिकलं नाही यात नवल नाही. त्यामानाने माडग्याळचा संकर बाजार ओळखून होतोय. गावात राहणाऱ्या चार घरांनी थोडं माडग्याळ रक्त घेतलं तर मी हात धरणार नाही, फक्त पहिलारूवर मोठा नर सोडू नका, शिंगरूने सांगितलंय तसं. पण पाच घरं वर्षातले सहा-सात महिने चालतात. एका कार्यक्रमात दोन वेगळे हेतू कोंबले की दोन्ही फसतात.

आणि संकर केला म्हणून निवड टळत नाही. संकराची चांगली कोकरं पण व्यापारीच नेणार आहे.

ओढ्याकाठी
नारी सुवर्णाबद्दल कुणीच बोलेना. आमचं घर फलटणपासून जवळ. वडिलांनी तो नर आणला होता, त्याच्या माद्या घरात आहेत. जुळी होतात हे खरं आहे. दरवेळी नाही, पण दोन वेतांत मिळून तीन कोकरं असा हिशोब बसतो. आई दोन्ही कोकरांना सकाळ-संध्याकाळ धरून पाजते, गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात मका भरडून देते. तेवढं केलं तर पैसे जास्त येतात. एका वर्षी चारा कमी पडला तर जुळ्यातलं एक हमखास मेलं. लिहिताना वाईट वाटतं पण खरं तेच लिहावं.

हिरवी मिरची
जुळं नेमकं होतं कशाने? नराचा काय संबंध, वितात माद्या.

पशुवैद्य (निवृत्त)
@हिरवी मिरची, रास्त प्रश्न. नराने जुळी होत नाहीत, नराच्या लेकींना होतात. लोक इथेच फसतात. नर आणला आणि सहा महिन्यांत जुळी दिसली नाहीत म्हणून विकून टाकला, असे दोन तरी मला माहीत आहेत.

गोष्ट मोठी सुरस आहे. बंगालमधे सुंदरबनाच्या दलदलीत गारोळे नावाची मेंढी आहे, १०-१४ किलोची, आपल्या शेळीच्या पिल्लाएवढी. पण जुळी, तिळी सहज देते. १७९२-९३ मधे कलकत्त्याहून जहाजाने काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तिथल्या बुरूला नावाच्या मेरिनो कळपात अचानक जुळ्या-तिळ्यांची रेलचेल, ती त्या बंगाली मेंढ्यांपासून आली असं मानतात. २००१ मधे त्यामागचा एकच जनुक नेमका सापडला, फेकबी म्हणतात त्याला. गारोळेत तोच निघाला. एक प्रत असली की मेंढीला वेताला सरासरी दीड-एक बीजं जास्त सुटतात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात गारोळे आणून तो जनुक दख्खनीत उतरवला. गारोळेचं बाकीचं रक्त नको होतं, नाहीतर मेंढी मांजराएवढी झाली असती. म्हणून पुन्हा पुन्हा दख्खनी आणि बन्नूर (कर्नाटकातली मटणाची मेंढी) यांच्याशी संकर करत गेले आणि रक्ताची तपासणी करून फक्त जनुक असलेली जनावरं पुढे ठेवली. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने त्याच जनुकावर अविशान नावाची मेंढी केली, तिच्यात मालपुरा आणि पाटणवाडी या जातीही आहेत.

आता तुमच्या कामाचं. ज्या नरात जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत त्याच्या सगळ्या लेकींना एक-एक प्रत मिळते. तो संपला आणि तुम्ही त्याचाच मुलगा नर म्हणून ठेवलात, तर त्याच्यात एकच प्रत, साध्या मेंढीपासूनच्या निम्म्याच कोकरांत ती उतरते. पुढे आणखी निम्मी. म्हणजे एकदा नर आणून भागत नाही, दोन प्रतींचा नर परत परत आणावा लागतो किंवा रक्त तपासत राहावं लागतं. वजनाचं उलटं आहे. ते एका जनुकाचं काम नाही, ते रक्ताच्या थेंबात दिसत नाही, काट्यावरच दिसतं.

माझा सल्ला: कोकणात जाणाऱ्या पाच घरांनी जुळ्यांच्या नादी लागू नये. दोन-दोन दिवसांची कोकरं घोडीच्या पाठीवर टाकून चालतात ही माणसं, त्यात जुळी पाजायची कधी? गावातल्या चार घरांपैकी ज्यांच्याकडे विहीर आणि चारा आहे त्यांनी एखादा नर आणून बघावा.

शिंगरू
डॉक्टर लाख बोलले. घोडीवर आधीच कोंबड्या, भांडी आन बारकी पोरं असत्यात.

ओवी
इतके पुरुष मेंढरांवर बोलले म्हणून एक बाईमाणूस म्हणून लिहिते. माहेर धनगराचं.

दूरदेशी म्हणतात एक शिकलेला मुलगा नोंदी ठेवेल. ठेवू दे. पण कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे त्याला सांगणार कोण? माझी आई. तिला लिहिता येत नाही. "ही लांबकान्याची तिसऱ्या वेताची, हिच्या आईला उजव्या सडाला दूध कमी" हे ती अंधारात आवाजावरून सांगते. कोकरं डालग्यात कोंडणं, सोडणं, पाजणं हे बायकाच करतात. समितीत एकही बाई नसेल तर तुमची वंशावळ पहिल्याच पानावर चुकणार.

आणि बाप? कळपात सहा महिन्यांचे टोणगे (नर कोकरं) उंडारत असतात. निवडलेला नर कोपऱ्यात आणि काम भलत्याचंच. आमच्याकडे नको असलेल्या नराच्या पोटाखाली गोणपाटाचा तुकडा बांधायचे. ते केलं नाही तर नऊ हजारांचा नर काय आणि नव्वद हजारांचा काय.

अजून एक. वजनावर निवड म्हणता. जुळ्यातलं कोकरू एकट्यापेक्षा हलकंच असणार ना? आणि पहिलारूचं तिसऱ्या वेताच्या मेंढीच्या कोकरापेक्षा? मग तुम्ही निवडणार कायम एकटी कोकरं, म्हाताऱ्या दुधाळ मेंढ्यांची. आईच्या दुधाचं श्रेय कोकराला.

सांख्यिकीकाका
ओवी ताई, दंडवत. हा मुद्दा मी मांडायला हवा होता. आकडेमोडीत याला दुरुस्ती म्हणतात. सोपा मार्ग: कोकरांचे गट करा. पहिलारूची वेगळी, जुळी वेगळी, दिवाळीआधी जन्मलेली वेगळी. प्रत्येक गटाच्या सरासरीपेक्षा कोकरू किती वर आहे ते बघा, नुसतं वजन बघू नका. गावात राहिलेली आणि कोकणात गेलेली कोकरंही एकमेकांशी तोलू नका, भाताच्या खाचरातला चारा आणि माणचा माळ यांची तुलना होत नाही. वजनातला थोडाच भाग वंशातून येतो, उरलेला चारा, दूध आणि नशीब.

हिरवी मिरची
माझ्या पगाराचंही तसंच आहे.

शेरडीवाली
विषयांतर करते. घोंगडी कुठे मिळेल खरी? काळ्या लोकरीची, हातमागाची. हल्ली जत्रेत मिळतात त्यात निम्मं भलतंच सूत असतं.

शिंगरू
@शेरडीवाली, जळवून बघायचं. लोकर केसासारखी जळती, वास येतो आन चुरा व्हतो. नायलॉनची गाठ व्हती. दुकानदाराला विचारून जाळा.

आडवाटेने
सरकारी योजनांचं कुणी बोललं नाही. अहिल्यादेवी मेंढी-शेळी महामंडळाची महामेष योजना आहे, २० माद्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान. तेलंगणाने २०१७ मधे तसाच गट गोल्ला-कुरुमांना (तिथले मेंढपाळ समाज) मोठ्या प्रमाणावर वाटला. अनुदान वाईट नाही, गरजू माणसाला आधार होतो. पण तेलंगणाच्या वाटपासाठी मेंढरं आजूबाजूच्या राज्यांतून गाड्या भरभरून आणली गेली. कुठल्या माळावरची कुठे गेली याचा पत्ता नाही. एका घराला एक नर हे गणितच सांख्यिकीकाकांच्या १३ टक्क्यांवर येऊन थांबतं. तोच पैसा दहा घरांच्या गटाला मिळून मिळाला असता तर?

जतचा पाहुणा
ठीक आहे, माडग्याळवर मी हरलो नाही पण थांबतो. मला एकच शंका. नऊ घरांत भांडणं होणार नाहीत का? चांगला नर ज्याच्याकडे जाईल त्याच्या कोकरांचं भलं, बाकीचे बघत बसणार. नर कोकणात घाटात बिबट्याने उचलला तर भरपाई कोण देणार? आणि ज्याचं कोकरू निवडलं तो म्हणणार माझाच नर, मला जास्त द्या.

दूरदेशी
@जतचा पाहुणा, सगळं होणार. तिथेही झालं. नियम नर आणायच्या आधी ठरवतात, नंतर नाही. कोकरू निधीने विकत घेतलं की ते मूळ मालकाचं राहत नाही, हा पहिला नियम. त्याला व्यापाऱ्याच्या भावापेक्षा थोडे जास्त द्या, म्हणजे माझं कोकरू निवडलं जावं अशी चढाओढ लागेल. जो नर मेला तो निधीचा मेला, हा दुसरा.

माळरान
शनिवारी गावाला जाऊन आलो. धागा छापून नेला होता, भावाने मोठ्याने वाचला, पारावर चांगली तीसेक माणसं. बाभूळबन यांच्या टोचणाऱ्या लोकरीच्या विनोदावर कुणी हसलं नाही, हिरवी मिरचीच्या पगारावर हसले.

ठरलं ते असं. ६३ हजारांचा नर आणायचा नाही. तो पैसा निधी. यंदाच्या वेतातली नऊ कोकरं व्यापारी यायच्या आत राखायची, मालकाला व्यापाऱ्याच्या भावावर ५०० जास्त. पाच घरांच्या वाड्यावर व्यापारी कोकणातच येतो, म्हणून भाऊ आणि आणखी एक जण फाल्गुनात तिकडे जाऊन वजनं करून येणार. वाडा परत आला की जेठात, पावसाच्या आधी, नरांची वाटणी. पहिल्या घरचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, नवव्याचा पहिल्याला. दोन हंगामांनी पुन्हा एक घर पुढे. तीन हंगाम झाले की नर विकायचा, पैसे निधीत. बाकी टोणग्यांना गोणपाट किंवा बाजार. समितीत पाच जण, त्यात दोन बायका. ओवी ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर माझी चुलती म्हणाली, "आमाला विचारायला पुण्याहून कागद यावा लागला."

जुळ्यांचा नर एकाच घराने घ्यायचा ठरवलंय, विहीरवाल्याने, स्वतःच्या पैशाने. बाकी बघणार. माडग्याळवाला पक्ष नाराज आहे, पण त्यातला एक जण वजनाच्या कामाला आलाय, बहुधा आम्ही खोटं लिहू नये म्हणून.

आता शेवटची अडचण. सरकारी १२ आकडी बिल्ले सगळ्या मेंढरांना नाहीत, ते डॉक्टर मारून देतो म्हणाले. पण वजन कसं करायचं? तिथे वीज नाही, जमीन सपाट नाही, आणि कोकरू काट्यावर उभं राहत नाही.

पशुवैद्य (निवृत्त)
लटकता ताणकाटा घ्या, ५० किलोचा, झाडाच्या फांदीला किंवा वाड्याच्या तिकाटण्याला टांगा. खतांच्या पोत्याची झोळी करून पायांना चार भोकं पाडा, कोकरू त्यात लोंबकळलं की शांत राहतं. सकाळी पाजायच्या आधी करा. पोट भरलेलं कोकरू एखादा किलो खोटं बोलतं.

सांख्यिकीकाका
झोळीचं वजन वजा करा. दर दहा कोकरांनंतर पुन्हा तोला, लेंड्या साठतात तिच्यात.

शिंगरू
आन मोठ्या नराला त्या झोळीत घालू नका. फांदी मोडती. आनुभव हाय.